खवटपणाचा इतिहास

फराळाच्या डब्याचा सर्वांत मोठा शत्रू कोण, असे विचारले तर घरोघरी बोट मुलांकडे जाईल. परंतु मुलांच्या हातून जो डबा सुटतो, त्याला गाठणारा शत्रू निराळाच आहे. तुळशीचे लग्न होऊन गेल्यावर फडताळात मागे राहिलेला शेवेचा डबा कोणीतरी उघडते, आणि झाकण निघताक्षणीच नाक निकाल देते : खवट! या एका शब्दात आपल्याकडच्या गृहिणींनी पिढ्यान्‌पिढ्या जे निदान केले, त्याच्या मुळाशी असलेली रासायनिक घटना उलगडण्यास युरोपातील शास्त्रज्ञांना शंभराहून अधिक वर्षे खर्ची घालावी लागली. ज्या द्रव्यांनी हा खवटपणा थोपवता येतो, त्यांचे नाव पुढे तेलाच्या डब्यावरून औषधाच्या बाटलीवर चढले. ते नाव म्हणजे ‘अँटिऑक्सिडंट’.

आज हा शब्द चहाच्या पुड्यावर आहे, बिस्किटांच्या वेष्टनावर आहे आणि पोट उतरवून देण्याचे अभिवचन देणाऱ्या गोळ्यांवर तर तो ठसठशीत अक्षरांत आहे. लठ्ठपणा हा शरीरातील मंद दाहाचा प्रकार आहे, दाह ऑक्सिडीकरणामुळे वाढतो, म्हणून अँटिऑक्सिडंट घ्या आणि दोन्हींतून सुटा, असा सोपा हिशेब ग्राहकापुढे मांडला जातो. या हिशेबातील एकेक आकडा खरा आहे. तरीही बेरीज चुकते. ती कोठे चुकते, हे समजण्यास या शब्दाचा प्रवास पाहणे हाच मला सर्वांत सरळ मार्ग वाटतो. म्हणून हा इतिहास.

प्रारंभ प्राणवायूपासूनच करावा लागतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्सच्या लाव्हॉझिएने या वायूला ‘ऑक्सिजन’ हे नाव दिले. लाकडाचे जळणे, लोखंडाचे गंजणे आणि प्राण्यांचे श्वसन या तिन्ही क्रिया एकाच कुळातल्या आहेत, हे त्याने दाखवले. १७९४ साली क्रांतिकारकांनी त्याचा शिरच्छेद केला. परंतु आपल्या शरीरात एक सौम्य, ज्वालारहित अग्नी सतत तेवत असतो, ही त्याची कल्पना मात्र टिकून राहिली.

पुढे १८२० साली जिनीव्हाच्या द सोस्यूर या शास्त्रज्ञाने एक चमत्कारिक प्रयोग केला. अक्रोडाच्या तेलाचा पातळ थर पाण्यावर पसरून त्याने तो हवेत ठेवला आणि तेल किती हवा शोषते ते मोजत बसला. आठ महिन्यांत त्या तेलाने आपल्या आकारमानाच्या केवळ तिप्पट हवा शोषली. मग एकाएकी त्याची चाल बदलली व पुढल्या अवघ्या दहा दिवसांत त्याने साठपट हवा गिळली. आपला शेवेचा डबाही असाच वागतो. कित्येक दिवस तो बरा राहतो आणि मग दोन-चार दिवसांतच हाताबाहेर जातो. त्याच काळात बर्झेलियस या स्वीडिश रसायनज्ञाने सुचवले की, जवसाचे तेल लावलेली लोकर गिरण्यांमधून आपोआप पेट घेते, त्याचे कारण हेच हवा शोषणे असावे. जवसाची चटणी लवकर खवट होते आणि तिळाचे तेल दीर्घकाळ टिकते, हे आपल्याला ठाऊक असते. जवसाच्या तेलाची घडण अशी की प्राणवायू त्याला सहज पकडतो. तिळात मात्र या हल्ल्याला तोंड देणारी द्रव्ये निसर्गानेच घातलेली असतात.

ही द्रव्ये नेमकी काय करतात, हे कळण्यास मात्र एक महायुद्ध व्हावे लागले. कढईतले तेल नको इतके तापले म्हणजे डोळ्यांना झोंबणारा धूर निघतो. त्यात अ‍ॅक्रोलीन नावाचे द्रव्य असते. पहिल्या महायुद्धात फ्रेंचांनी हेच द्रव्य शत्रूवर सोडण्यासाठी वापरले. परंतु साठवून ठेवले की ते बिघडे. ते बिघडू नये म्हणून खटपट करताना शार्ल मूरो आणि शार्ल द्युफ्रेस यांना आढळले की, हायड्रोक्विनोनसारख्या द्रव्याचा किंचित अंश घातला तरी ही बिघाडाची क्रिया थांबते. एका बिघडलेल्या कणाने शेजारच्याला बिघडवायचे, त्याने पुढच्याला, अशी ती साखळी असते. आणि हे द्रव्य स्वतः बळी जाऊन तिची एक कडी तोडते. युद्धानंतर, १९२२ च्या सुमारास, त्यांनी या वर्गाला जे नाव दिले, त्यातूनच ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द रूढ झाला. तेल, रबर, पेट्रोल, डबाबंद खाद्यपदार्थ अशा सर्व धंद्यांनी तो उचलला. शरीराशी त्याचा अजून काहीएक संबंध नव्हता.

तो संबंध उंदरांनी जोडला. त्याच १९२२ साली कॅलिफोर्नियात हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरिन बिशप यांना असे दिसले की, एका विशिष्ट आहारावर वाढवलेल्या उंदराच्या माद्या गाभण राहतात, पण त्यांची पिले पोटातच जिरून जातात. आहारात सॅलडचा हिरवा पाला घातला, पुढे गव्हाचा अंकुर घातला, तेव्हा पिले सुखरूप जन्मली. या अज्ञात अन्नघटकाला ‘ई’ जीवनसत्त्व म्हटले गेले. हे जीवनसत्त्व खवट चरबीच्या संगतीत नष्ट होते, हे आयोवा येथील हेन्री मॅटिल यांच्या ध्यानात आले. याउलट ज्या तेलांत ते असते ती लवकर खवट होत नाहीत. म्हणजे तेलाचा पहारेकरी आणि उंदराच्या गर्भाचा पहारेकरी यांचे नाते होते! १९३६ साली ते द्रव्य शुद्ध स्वरूपात हाती आले आणि त्याला ‘टोकोफेरॉल’, म्हणजे अपत्य देणारे, असे ग्रीक नाव मिळाले.

‘क’ जीवनसत्त्वाची कथा याहून गमतीची आहे. आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी या हंगेरियन शास्त्रज्ञाला असा प्रश्न पडला होता की, सफरचंद वा बटाटा चिरून ठेवला की काळा पडतो, मग लिंबू-संत्रे का पडत नाही? या धाग्याने जात १९२८ साली त्याने एक आम्लधर्मी साखर वेगळी काढली. तिची पूर्ण ओळख पटली नसल्यामुळे त्याने तिला ‘इग्नोज’ म्हणजे ‘अज्ञात शर्करा’ असे नाव सुचवले. संपादकाने ते थट्टेखोर म्हणून नाकारले, तेव्हा या गृहस्थाने दुसरे नाव धाडले ‘गॉडनोज’, म्हणजे ‘देव जाणे’! अर्थात तेही नामंजूर झाले. हेच ‘क’ जीवनसत्त्व आहे, असे १९३२ साली ठरले. परंतु प्रयोगाला पुरेल इतके ते मिळवायचे कोठून? सेंट-ग्यॉर्गी तेव्हा सेगेड गावी होता आणि ते गाव पाप्रिका मिरचीसाठी प्रसिद्ध. एके रात्री जेवणात त्याला ही मिरची वाढण्यात आली. ती न खाता त्याने प्रयोगशाळेत नेली आणि पाहतो तो ‘क’ जीवनसत्त्वाची खाणच! १९३७ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्याकडे या खाणीचे नाव आवळा. दक्षिणेत कुन्नूर येथील आहारशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्या सुमारास देशी खाद्यपदार्थांचे पृथक्करण चालू होते आणि त्यात आवळ्याचे हे सामर्थ्य स्पष्ट झाले. १९३९-४० च्या हिस्सारच्या दुष्काळात स्कर्व्हीने पिडलेल्या लोकांना आवळा देण्यात आला आणि ते बरे झाले. कार्तिकातले आवळीभोजन केवळ झाडाच्या सावलीसाठी नसावे, असा विचार या वेळी मनात आल्यावाचून राहत नाही. परंतु एक गोष्ट लक्षात ठेवावी. ज्याच्या आहारात जीवनसत्त्वाची उणीव आहे त्याची ती भरून काढणे, ही एक बाब झाली. ज्याला उणीव नाही त्याला अधिक दिल्याने अधिक लाभ होतो, ही अगदीच वेगळी बाब झाली. पुढचा सारा घोटाळा या दोहोंची गल्लत झाल्यामुळे झाला.

ती गल्लत करण्यास प्रवृत्त करणारी कल्पना मोठी तेजस्वी होती, हेही मान्य केले पाहिजे. डेनहॅम हार्मन हा अमेरिकन रसायनज्ञ प्रथम एका तेलकंपनीत काम करीत असे. १९४५ साली त्याच्या पत्नीने त्याला स्त्रियांच्या एका मासिकातील वार्धक्यावरचा लेख दाखवला आणि माणूस म्हातारा का होतो, हा प्रश्न त्याच्या मनात रुतून बसला. त्यासाठी तो वैद्यक शिकला. १९५४ मध्ये त्याला उत्तर सुचले व १९५६ साली त्याने ते प्रसिद्ध केले. श्वसनाच्या ओघात शरीरात काही अर्धवट, उतावीळ कण निर्माण होतात. त्यांना ‘मुक्त मूलके’ म्हणतात. ते जवळच्या पेशीद्रव्याला डसतात, आणि ही झीज साठत जाणे म्हणजेच वार्धक्य. थोडक्यात, आपण हळूहळू खवट होतो! त्याच १९५४ साली रिबेका गर्शमन या अर्जेंटिनाच्या विदुषीने, क्ष-किरणांची इजा आणि अतिप्राणवायूची इजा यांचे मूळ या मूलकांतच आहे, असे मांडले होते.

प्रारंभी कोणी फारसे लक्ष दिले नाही. परंतु १९६९ साली मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी एक विकर शोधून काढले. त्याचे कामच मुळी या मूलकांपैकी एकाला निकामी करणे हे होते. शरीराने पहारेकरी नेमला आहे, त्या अर्थी चोरही असलाच पाहिजे, हे सर्वांना पटले. पुढच्याच वर्षी लायनस पॉलिंग या दोन नोबेल पारितोषिकांच्या मानकऱ्याने पडशावर ‘क’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रांचा पुरस्कार करणारे पुस्तक लिहिले आणि अमेरिकेत दुकानांतून गोळ्यांच्या बाटल्या भराभर उठू लागल्या.

शास्त्राचे एक बरे असते. ते प्रयोग करून पाहते. फळे-भाज्या पुष्कळ खाणाऱ्यांना कर्करोग कमी होतो, असे पाहण्यांतून दिसत होते आणि त्याचे श्रेय गाजरातील बीटा-कॅरोटिन या रंगद्रव्याला द्यावे असे अनेकांना वाटत होते. तेव्हा फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपानी पुरुषांना निवडून काहींना बीटा-कॅरोटिन, काहींना ‘ई’ जीवनसत्त्व, काहींना दोन्ही आणि काहींना नुसती दिसायला तशीच गोळी, असे पाच ते आठ वर्षे दिले. १९९४ साली निकाल लागला. बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग शेकडा १८ ने अधिक निघाला. कोणाचा विश्वास बसेना. पण अमेरिकेत १८,३१४ लोकांवर असाच दुसरा प्रयोग चालू होता. त्यात बीटा-कॅरोटिनबरोबर ‘अ’ जीवनसत्त्वही दिले जात होते. तो १९९६ मध्ये मुदतीच्या एकवीस महिने आधीच थांबवावा लागला, कारण गोळी घेणाऱ्यांत हा कर्करोग शेकडा २८ ने आणि मृत्यू शेकडा १७ ने जास्त आढळले. गाजराने कोणाचे वाईट केले नव्हते. गाजरातून उपटून काढलेल्या एका द्रव्याने, अन्नातून मिळते त्याहून पुष्कळ मोठ्या मात्रेत, विडी-सिगारेटने आधीच पोळलेल्या फुप्फुसात ते केले होते.

आता या कथेत दुसरा प्रवाह येऊन मिळतो, तो दाहाचा. लाली, सूज, ऊष्णता आणि वेदना ही दाहाची चार लक्षणे सेल्सस या रोमन ग्रंथकाराने पहिल्या शतकातच नोंदली होती. दाह कशासाठी होतो, हे १८८२ साली इल्या मेचनिकॉफने पाहिले. सिसिलीतील मेसिना गावी घरची मंडळी सर्कशीला गेली असता त्याने तारामाशाच्या पारदर्शक पिलाला बागेतला काटा टोचला, आणि त्या काट्याभोवती भटक्या पेशी गोळा झालेल्या सकाळी त्याला दिसल्या. या पेशी परक्या पदार्थाला गिळतात. कशाने मारतात? १९७३ मध्ये बॅबियॉर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, आपल्या पांढऱ्या पेशी मुद्दाम तीच मुक्त मूलके तयार करून जंतूंवर सोडतात. काही मुलांच्या पेशींना जन्मतःच हे साधत नाही. त्यांना पुनःपुन्हा गंभीर संसर्ग होत राहतात. म्हणजे ज्याला आपण चोर समजत होतो तो बऱ्याच अंशी आपलाच शिपाई निघाला! प्रश्न शिपायाला हाकलून देण्याचा नव्हता. लढाई संपल्यावरही तो बंदूक चालवीत राहतो, त्याचे काय करावे, हा होता.

अशी न संपणारी लढाई कोठे चालू असते? याचे उत्तर सर्वांच्या डोळ्यांसमोर, कमरेच्या पट्ट्यावर होते. चरबी म्हणजे पडीक कोठार, अधिक खाल्ले की भरते आणि उपास केला की रिकामे होते, अशी समजूत होती. १९९३ साली बॉस्टन येथे हॉटामिस्लिगिल व स्पीगेलमन यांनी लठ्ठ उंदरांच्या चरबीत दाह भडकवणारे एक द्रव्य शोधून काढले. विशेष हे की, क्षयी किंवा कर्करोगी माणसाला वाळवून टाकणारे म्हणून हेच द्रव्य पूर्वी ओळखले जात होते. ते इन्शुलिनच्या कामात अडथळा आणते, हेही त्यांनी दाखवले. १९९४ साली चरबीतूनच निघून मेंदूला भुकेची खबर देणारा लेप्टिन हा संदेशवाहक सापडला. १९९९ मध्ये असे दिसले की, वजन अधिक असलेल्या, एरवी निरोगी दिसणाऱ्या माणसांच्या रक्तातही दाहाची खूण असणारे प्रथिन वाढलेले असते. आणि २००३ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी चरबीत डोकावून पाहिले तो काय, मेचनिकॉफच्या भटक्या पेशी तेथे ठाण मांडून बसलेल्या! सडपातळ माणसाच्या चरबीत त्यांचे प्रमाण शेकडा १० पेक्षा कमी, तर लठ्ठ माणसाच्या चरबीत ते ४० च्या आसपास असावे, असा एका गटाचा अंदाज होता. फुगलेल्या चरबीच्या पेशींना रक्त पुरेनासे होते, काही मरतात, आणि मेलेल्यांची विल्हेवाट लावण्यास हे शिपाई जमतात, अशी त्याची एक उपपत्ती आहे. २००४ साली जपानी संशोधकांनी दाखवले की, उंदरांच्या या साठलेल्या चरबीतच मुक्त मूलकांचा सुकाळ होतो.

या शोधांच्या मागेही एक विसरलेला इतिहास होता. १८७६ मध्येच जर्मनीच्या एब्स्टाइनने दाह शमवणारे सॅलिसिलेट, म्हणजे ॲस्पिरिनचे भावंड, मधुमेह्यांना देऊन त्यांच्या लघवीतील साखर घटल्याचे नोंदले होते. का घटली, हे कोणाला सांगता येईना, म्हणून ते बाजूला पडले. सव्वाशे वर्षांनी त्याचा अर्थ लागला.

त्याहून जुन्या पोथीतही एक मार्मिक निरीक्षण आहे. चरकाने आठ प्रकारच्या निंदित देहांत अतिस्थूलाची गणना केली. परंतु त्याला केवळ खादाड म्हणून हिणवले नाही. मेदाने मार्ग अडले की वायू कोठ्यातच फिरून अग्नीला फुंकर घालतो, खाल्लेले झटकन पचते आणि पुन्हा भूक लागते, असे त्याने म्हटले. चरकाला लेप्टिन ठाऊक होते असा शोध मी लावणार नाही. परंतु स्थूल माणसाची भूक हा त्याच्या दुखण्याचाच भाग आहे, हे त्याने ओळखले होते. आणि पंगतीत एखाद्या लठ्ठ भाचीची थट्टा करणाऱ्या आपल्या मंडळींना ते अजून ओळखता आलेले नाही. त्याने सुचवलेल्या उपायांत जव आणि आवळ्याचे चूर्ण आहे, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

आता सुरुवातीचा हिशेब पुन्हा मांडू. चरबी वाढली की दाह वाढतो. दाहात मूलके वाढतात. मग मूलके मारणारी गोळी घेतली की काम झाले! २००९ साली जर्मनीत मायकेल रिस्टो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या हिशेबाची साधी परीक्षा घेतली. सुमारे चाळीस तरुणांना चार आठवडे व्यायाम करावयास लावले. त्यांतील निम्म्यांना रोज ‘क’ जीवनसत्त्व १,००० मिलिग्रॅम आणि ‘ई’ जीवनसत्त्व ४०० एकक दिले. व्यायामाने इन्शुलिनचा गुण वाढतो हे प्रसिद्धच आहे. तो वाढला, पण गोळ्या न घेणाऱ्यांतच! व्यायाम करताना स्नायूंत जी मूलके उसळतात, तीच शरीराला ‘सावध हो, तुझे बळ वाढव’ असा निरोप देतात. गोळीने निरोप्यालाच वाटेत गाठले आणि घाम वाया गेला.

बेरीज चुकते ती येथे. तेलाचा डबा निर्जीव असतो. त्याला स्वतःचा बंदोबस्त करता येत नाही. बाहेरून जे घालावे तेवढेच त्याचे रक्षण. शरीर हा डबा नव्हे. ते आपले पहारेकरी आपणच घडवते, आणि थोडासा धोका जाणवला तरच त्यांची संख्या वाढवते. हळद, कांदा, चहा, कोबी, मोहरी यांतील कित्येक द्रव्ये शरीरात जाऊन स्वतः मूलकांशी झुंजत नसावीत. त्यांचे रक्तातील प्रमाणच त्या मानाने फार थोडे असते. ती सौम्य चिमटा काढून शरीराची स्वतःची यंत्रणा जागी करतात, असा आज अनेक संशोधकांचा कल आहे. कोणत्या फळात किती अँटिऑक्सिडंट, याचे परीक्षानळीत मोजलेले तक्ते अमेरिकेच्या शेतीखात्याने एके काळी प्रसिद्ध केले होते. त्या आकड्यांवरून माणसाच्या प्रकृतीविषयी काही सांगता येत नाही, या कारणास्तव २०१२ साली त्या खात्यानेच ते मागे घेतले. वेष्टनांवरच्या जाहिराती मात्र मागे घेतल्या गेल्या नाहीत. हिरव्या चहाने वजन उतरते का, याचा झाडा त्याच वर्षी घेण्यात आला. उतार इतका किरकोळ निघाला की त्याला व्यवहारात काही अर्थ नव्हता.

जे टिकते ते हिताचे, हाही त्याच डब्याच्या तर्काचा दुसरा अवतार. तो आपल्या घराघरांत येऊन गेला आहे. १९०२ साली जर्मनीच्या नॉर्मानने तेलात हायड्रोजन घालून ते घट्ट करण्याची कृती नोंदवली. आपल्याकडे १९३७ साली ‘डालडा’ आला आणि अनेक स्वयंपाकघरांत वनस्पती तुपाने ठाव घेतला. ते स्वस्त होते आणि सहसा खवट होत नसे. किती गुणी म्हणावे! परंतु ते घट्ट करताना त्यात जी ट्रान्स-मेदाम्ले उत्पन्न होतात ती रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल वाढवतात आणि चांगले घटवतात, हे १९९० साली हॉलंडमध्ये सिद्ध झाले. ती अधिक खाणाऱ्यांत दाहाच्या खुणाही अधिक आढळल्या. आपल्या देशात जानेवारी २०२२ पासून तेला-तुपांत त्यांची मर्यादा शेकडा दोनवर आणण्यात आली. डब्यात न बिघडणाऱ्या पदार्थाने माणसांची हृदये बिघडवली होती.

मग अन्नाने काहीच होत नाही काय? होते, पण ते सबंध ताटाने होते. स्पेनमध्ये ७,४४७ लोकांना घेऊन एक मोठा प्रयोग झाला. त्यात भाज्या, फळे, कडधान्ये, मासे यांच्या जोडीला काहींना मुबलक ऑलिव्हचे तेल आणि काहींना रोज मूठभर अक्रोड-बदाम दिले. २०१३ मधील निकालात विभागणीच्या काही त्रुटी आढळल्यामुळे २०१८ मध्ये तो नव्याने तपासून छापला गेला. तरी हृदयविकार व पक्षाघात यांचे प्रमाण सुमारे शेकडा ३० ने कमी, हा निष्कर्ष कायम राहिला. इतके तेल आणि सुकामेवा खाऊनही त्या लोकांची वजने वाढली नाहीत. या ताटात अँटिऑक्सिडंट होतेच. पण चोथा होता, चांगले स्निग्ध होते, आणि मैदा-साखरेला तेथे जागाच कमी उरली होती. श्रेय कोणा एकाला काढून देता येत नाही. पंगत उठवून एकालाच आग्रह करण्यात अर्थ नाही, एवढे मात्र कळते.

या साऱ्याशी आपला, विशेषतः महाराष्ट्राचा, संबंध निकटचा आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांची इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांशी तुलना केली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आपल्या बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर तिकडच्यांचे ३.५ किलो होते. आपली बाळे सर्व बाजूंनी लहान होती. स्नायूंत तर फारच उणी होती. परंतु चरबी मात्र त्या मानाने घटलेली नव्हती. म्हणजे दिसण्यात कृश आणि आतून मेदुर! २००४ मध्ये याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये आपलीच छायाचित्रे शेजारी-शेजारी छापली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, चरबी मात्र युडकिन यांची शेकडा ९.१ आणि याज्ञिक यांची २१.२. या कारणाने आपल्या लोकांसाठी स्थूलतेच्या रेषा खाली आणाव्या लागल्या. २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी निर्देशांक २३ च्या पुढे वजन अधिक मानावे, आणि कमरेचा घेर पुरुषांना ९० व स्त्रियांना ८० सेंटिमीटर ही मर्यादा समजावी, असे ठरवले.

याचा अर्थ असा की, ‘आमच्याकडे कोणी लठ्ठ नाही’ असे म्हणणाऱ्या सडपातळ घरांतही, बारीक हातापायांच्या आणि किंचित सुटलेल्या पोटांच्या माणसांत, ती न संपणारी लढाई चालू असू शकते. तिला थांबवणारी गोळी शंभर वर्षांच्या खटपटीत हाती आलेली नाही. वजन थोडे उतरले तरी दाहाच्या खुणा उतरतात, चालण्या-फिरण्याने इन्शुलिनचे काम सुधारते, आणि भाकरी, उसळ, पालेभाजी, कांदा, ताजे फळ, मूठभर शेंगदाणे-तीळ यांनी सजलेले ताट या दोन्हींना साथ देते, एवढे मात्र निश्चित सांगता येते. विडी-सिगारेट ओढून वर गोळी घेणारा तर दुहेरी नुकसान करून घेतो.

हे ऐकावयास फार सामान्य वाटेल, याची मला जाणीव आहे. बाटलीत भरून विकता येत नाही, म्हणून त्याची जाहिरातही कोणी करीत नाही. परंतु पणती लावणाऱ्याला एक गोष्ट सांगावी लागत नाही. ज्योत धुरकटली तर वात सारावी लागते, काजळी झाडावी लागते, तेल बेताने घालावे लागते. ज्योतीवर पाणी शिंपून धूर घालवण्याचा मार्ग कोणी पत्करत नाही. लाव्हॉझिएने पाहिलेला देहातला अग्नीही तसाच सांभाळावयाचा आहे. सणाचे चार दिवस करंज्या-चकल्या आनंदाने खाव्यात. आणि खवट वास आला तर डबा निःसंकोच रिता करावा. उरलेल्या वर्षाचे पथ्य मात्र औषधाच्या दुकानात शोधू नये. ते मंडईत आणि पायवाटेवर मिळते.